मदत हवी आहे: शिकवणाऱ्या ॲपमध्ये सगळं येतं, खऱ्या फोनवर अडतं

मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. दोन-तीन शब्दांत बोलतो, वाचतो मात्र छान. मुलांसाठीची शिकवणारी ॲप्स त्याला झरझर येतात. पण मेसेज पाठवायचा, काढलेला फोटो शोधायचा, चुकून भलतीच स्क्रीन उघडली तर मागे यायचं, असं काही आलं की बोट हवेतच थांबतं आणि तो माझ्याकडे बघतो.

माझा अंदाज असा: त्या ॲपमध्ये बरोबर दाबलं की टाळ्या वाजतात, चुकीचं दाबलं तर काहीच होत नाही. खऱ्या फोनवर टाळ्या नाहीत आणि चुकीचं दाबलं की काहीतरी होऊन बसतं. त्यात अपडेट आलं की बटणांच्या जागा बदलतात. हे बदलणाऱ्यांना एकदा आमच्या घरी बसवायला हवं!

सध्या मेसेज उलट्या क्रमाने शिकवतेय. आधीचं सगळं मी करायचे, शेवटचं 'पाठवा' तेवढं तो दाबायचा. मावशी लगेच मांजराचा फोटो पाठवते, टाळ्यांच्या जागी आता तेच. हळूहळू टाइप करणंही त्याच्याकडे आलंय. आयफोनवर गायडेड ॲक्सेस लावते, अँड्रॉइडवर ॲप पिन करते, म्हणजे फोनवर तेवढं एकच ॲप उघडं राहतं आणि तो दुसरीकडे भरकटत नाही. पण मग मागे यायला शिकणार कधी?

शिकवणारी ॲप्स बंद करून थेट खऱ्या कामांवरच यावं का? आणि माझ्याकडे बघणं कसं सुटेल? 'स्क्रीन टाइम कमी करा' हा सल्ला कृपया नको. त्याचं चित्रांवरून बोलायचं ॲपही टॅबवरच आहे, तो त्याचा आवाज आहे.

प्रतिसाद

विशेष शिक्षिका आहे. ॲप्स आवडीची म्हणून राहू देत, शिकवणं खऱ्या कामांवरच करा. समोर बसू नका, जरा मागे बसा. तोंडी सूचनांची सवय सगळ्यात उशिरा सुटते, म्हणून बोलण्याऐवजी पायऱ्यांच्या स्क्रीनशॉटची पट्टी ठेवा. तो अडला की थोडं थांबा, मग पट्टीकडे बोट दाखवा, फोनकडे नाही. अपडेटनंतर नवे स्क्रीनशॉट त्यालाच काढू द्या.

'मागे येणं' हे वेगळं कौशल्य धरा. पिन काढून मुद्दाम भलती स्क्रीन उघडायची आणि परत यायचं, एवढाच खेळ. जमेल तेव्हा दुसऱ्या फोनवरही घ्या, नाहीतर ते त्या एकाच फोनपुरतं राहतं.

मूळ धागाकर्ती

पट्टी आजच करते. पण जाहिरातीतली फुली दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात, तिची पट्टी कशी करायची?

प्रतिसाद

फुली सध्या सोडा. ऑफलाइन चालणारं ॲप असेल तर विमान मोड लावा, बऱ्याचशा जाहिराती येतच नाहीत. तोवर 'जाहिरात आली की फोन मोठ्या माणसाकडे द्यायचा' एवढा एकच नियम पुरे.