गेनसे : नफ्याशी संबंध नाही

इंग्रजी 'गेनसे' (gainsay) या क्रियापदातला 'गेन' म्हणजे नफा का, असा प्रश्न कुणालाही पडेल. अजिबात नाही. नफ्याचा 'गेन' फ्रेंचमधून आला. हा मात्र जुन्या इंग्रजीतला, 'विरुद्ध' या अर्थाचा. 'अगेन्स्ट'मध्ये तोच दडलाय, जर्मन 'गेगेन' त्याचा भाऊबंद. म्हणून गेनसे म्हणजे विरुद्ध बोलणं, खोडून काढणं. १६११च्या किंग जेम्स बायबलात, लूकच्या २१व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की विरोधकांना 'गेनसे' करता येणार नाही अशी वाणी आणि शहाणपण मी तुम्हाला देईन. तिथेही नकारासोबतच आलाय बघा! आजही बहुधा 'देअर इज नो गेनसेइंग' अशाच थाटात भेटतो. भूतकाळ 'गेनसेड', उच्चार 'सेड'सारखाच. लेखात शोभतो, गप्पांत आपला 'डिनाय' बरा.