आठवतं सगळं, पण माणूस बदललाय : फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शियाची पहिली चाहूल (अनुभव धागा)

डिमेन्शिया म्हटलं की आपण विसरभोळेपणा शोधत बसतो. फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शियात (एफटीडी) कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा मेंदू आधी झिजतो. त्यामुळे सुरुवातीला बिघडतं ते वागणं नाहीतर बोलणं. वयही बहुधा ४५ ते ६५, म्हणजे म्हातारपणाच्या खात्यावर टाकायचीही सोय नाही. तुमच्या माणसाबाबत सगळ्यात आधी काय खटकलं, ते लिहा. सुरुवात मी करते.

बाथरूममध्ये घसरून माझं मनगट मोडलं. नवरा आला, मला ओलांडून बेसिनपाशी गेला आणि शांतपणे दात घासू लागला. मी कळवळतेय, आणि हा म्हणतो, "टूथपेस्ट संपत आलीय." एरवी माझं डोकं दुखलं तरी कासावीस होणारा माणूस! गंमत म्हणजे कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा, पासवर्ड, सगळं तोंडपाठ. डॉक्टरांनी वार, तारीख, लक्षात ठेवायचे शब्द विचारले. पठ्ठ्याने फटाफट उत्तरं दिली. मग नैराश्य ठरवून गोळ्या सुरू झाल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मला वेगळं बसवून घरातलं वागणं विचारलं आणि एमआरआय काढायला लावला. त्यात पुढचा भाग आकसलेला दिसला.

मुलगी, आईबद्दल : आमच्याकडे शब्द गळाले. बोलणं अस्खलित, पण प्रत्येक वस्तू 'ते'. एकदा कात्री मागितली तर म्हणाली, "कात्री म्हणजे काय गं?" हातात दिल्यावर मात्र दोरा बरोबर कापला. आम्हाला वाटलं, ऐकू कमी येतंय. कानही तपासून झाले. हॉलिवूड नट ब्रूस विलिसच्या कुटुंबानेही २०२२ मध्ये आधी अफेजिया (मेंदूतल्या बिघाडामुळे बोलणं-समजणं अडणं) सांगितला होता, एफटीडीचं निदान २०२३ मध्ये जाहीर केलं.

धाकटा भाऊ : दादा पै-पैचा हिशोब ठेवणारा. तो अनोळखी लोकांना फोनवरून पैसे पाठवू लागला, मीटिंगमध्ये अचकट विनोद करू लागला. ऑफिसने राजीनामा घेतला. निदान नंतर आलं. आधी आलं असतं तर आजारपणाची रजा तरी मिळाली असती. हे अजून सलतं. त्याला स्वतःला मात्र काहीच वावगं वाटत नव्हतं.

सून : सासरे गोडाला शिवत नसत. एकाएकी साखरेचा डबा घेऊन बसायला लागले, आणि फिरायला जायचं तर त्याच मिनिटाला, त्याच रस्त्याने.

दुसरी एक पत्नी : एक उलटा अनुभव. ह्यांचं मख्खपण बघून मी हेच धरून चालले होते, निघाला थायरॉइड. तेव्हा आधी रक्त तपासून घ्या.

पुन्हा मी, धागा सुरू करणारी : सुनेने विचारलंय, नवऱ्याला तपासणीला नेलं कसं? "तुम्हाला काहीतरी झालंय" म्हटलं की भांडण ठरलेलं, म्हणून मी माझीच अपॉइंटमेंट आहे सांगून नेलं. डॉक्टरांना एक कागद आधीच पाठवला होता: पूर्वी कसा वागायचा, आता कसा, कधीपासून. त्याच्यासमोर हे बोलता येत नाही. आणि अल्झायमरची औषधं 'देऊन तर बघू' म्हणून मागू नका. एफटीडीत ती उपयोगी पडत नाहीत, कधी चिडचिड वाढवतात.