वीज गेल्यावरचा कंदील : आपले अनुभव

आता बहुतेक घरांत इन्व्हर्टर किंवा चार्जिंगचे दिवे असतात. तरीही काही घरांनी रॉकेलचा कंदील जपून ठेवला आहे. ज्यांनी तो अलीकडे प्रत्यक्ष वापरला, त्यांनी काय उपयोगी पडले आणि काय चुकले हे तपशिलाने लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली तालुक्यातील आमच्या वाडीत त्यानंतर २३ दिवस वीज नव्हती. चार्जिंगचे दिवे दुसऱ्याच रात्री मिटले, तेव्हा आईने माळ्यावरून दोन कंदील काढले. एकाची वात इतकी जुनी झाली होती की ती रॉकेल ओढेना. म्हणून तिने सुती नाडीचा तुकडा बर्नरमध्ये सरकवला, तो रॉकेलात पुरता भिजू दिला आणि मगच पेटवला, कारण कोरडी वात घाईने पेटवली तर तेलाऐवजी ती स्वतःच जळून जाते. वातीचे दोन्ही कोपरे तिने कात्रीने किंचित उतरवले. त्यामुळे ज्योत गोलसर आली आणि काच काजळली नाही. माझ्या हातून मात्र वात वर चढवली की अर्ध्या तासात काच काळी होत असे. या साध्या वस्तूला हात बसावा लागतो, हे मी त्या दिवसांत शिकलो.

कराडहून : आमच्याकडे आजोबांचा प्रभाकर कंदील आहे, म्हणजे जवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यात तयार झालेला. मागच्या पावसाळ्यात तापलेल्या काचेवर पागोळीचे पाणी पडले आणि ती तडकली. सांगाडा अजून भक्कम असूनही त्या मापाची काच बाजारात मिळाली नाही, म्हणून नवा कंदील घेणाऱ्यांनी त्याच वेळी एक जादा काच घेऊन ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन.

पुण्याहून : मी ३५० रुपयांना कंदील आणला, पण रॉकेल कुठेच मिळेना, म्हणून टाकीत सूर्यफुलाचे तेल भरले. ज्योत दोन मिनिटांत मालवली. खाद्यतेल दाट असल्यामुळे ते लांब वातीतून वरपर्यंत चढत नाही. समईत वात तेलाच्या पृष्ठभागाजवळच जळते म्हणून तेच तेल तिथे चालते. तेव्हापासून वीज गेली की आम्ही समईच लावतो.

गोव्यातील सत्तरीहून : डासांमुळे खिडक्या बंद करून आम्ही खोलीत रात्रभर कंदील ठेवला आणि सकाळी घरातील सर्वांचे डोके जड झाले होते. कोंडलेल्या खोलीत जळणारा दिवा विषारी वायू सोडू शकतो, हे डॉक्टरांनी समजावल्यापासून निजण्यापूर्वी आम्ही तो विझवतोच. पेटत्या कंदिलात रॉकेल ओतू नये आणि त्यात पेट्रोल मुळीच मिसळू नये, हेही घरातील मुलांना सांगून ठेवले आहे.

संगमनेरजवळून : गेल्या श्रावणात रात्री दोनच्या सुमारास आमची गाय व्यायला लागली आणि वीज नव्हती. वारा जोराचा असूनही काचेतली ज्योत हलली नाही, आणि कंदील कडब्यापासून दूर, आढ्याच्या आकड्याला टांगल्यामुळे आम्हा दोघांचेही हात मोकळे राहिले. वासरू अडले होते; ते पहाटे सुखरूप बाहेर आले.