मुदतीआधी निवृत्ती आणि नोटीस पे : तुमचा अनुभव लिहा

लवकर निवृत्त व्हायचं ठरलं की सगळे ग्रॅच्युइटी आणि पीएफ मोजत बसतात. नोटीस पे, म्हणजे नोटिशीची मुदत पूर्ण न करता नोकरी संपली तर त्या दिवसांचा पगार, कंपनी देणार की आपल्याकडूनच कापणार, हे मात्र शेवटचा हिशेब हातात पडल्यावर कळतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. कंपन्यांची नावं नकोत, नियम माहीत असेल तर जरूर लिहा.

राज्य शासन, सातारा
१९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मिळते. नोटिशीच्या बदल्यात पैसे वगैरे काही नाही. ते तीन महिने खुर्चीत बसायचं आणि पगार घ्यायचा. शासनानेच मुदतपूर्व घरी पाठवलं, तर तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार-भत्ते देणं त्यांच्यावर आहे. मी नोटिशीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला होता. मुदत संपेपर्यंत नकार आला नाही तर निवृत्ती लागू होते, आणि मुदत कधी सुरू झाली हे तो शिक्काच सांगतो. आस्थापनेतले लोक 'राहू द्या हो, नोंद होईल' म्हणतात. राहू द्यायचं नाही.

अनुदानित शाळेतली शिक्षिका
'नोटीस अशी द्या की मे महिना त्यातच जाईल' हा स्टाफरूमचा लाडका सल्ला. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीने ती वाट बंद केलीय: राजीनाम्याच्या नोटिशीत सुट्टीचा कोणताही भाग येता कामा नये. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस आहे. त्याआधी जायचं तर उलट आपणच पैसे भरायचे. आमच्या लिपिकांनी राजीनाम्याचा नमुना पुढे केला होता. मी तो परत केला आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते, तीन महिन्यांचा पगार त्यापुढे किरकोळच.

चाकण, इंजिनिअरिंग कंपनी
मला त्यांनीच व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) घ्यायला सांगितली, तीही 'उद्यापासून येऊ नका' म्हणून. नेमणूकपत्रात दोन्ही बाजूंना तीन महिन्यांची नोटीस होती. एचआरचं म्हणणं, पॅकेजमध्ये सगळं आलं. मी म्हटलं, मग नोटिशीची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा. दाखवता येईना, कारण ती धरलेलीच नव्हती! दोन बैठकांनंतर मिळाली. एक लक्षात ठेवा, नियमात बसणाऱ्या व्हीआरएसच्या भरपाईवर ५ लाखांपर्यंत आयकर माफ होता, पण नोटीस पे हा पगारच, त्यावर पूर्ण कर. म्हणून दोन्ही एकत्र कालवू देऊ नका.

ठाणे, कामगार
वरच्यांचं जमलं कारण नेमणूकपत्र होतं. आम्ही २०१२ मध्ये व्हीआरएस घेतली तेव्हा युनियनने आधीच बजावलं होतं की औद्योगिक विवाद कायद्यातला एक महिन्याचा नोटीस पगार कपातीत काढलेल्या कामगाराला असतो, स्वेच्छेने जाणाऱ्याला नाही. योजनेच्या कागदावर जे छापलंय तेवढंच मिळतं. सही करण्याआधी भांडा.

बीएसएनएल, २०२०
आमच्या योजनेत नोटीस पे नव्हताच. झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार, अशी सानुग्रह रक्कम. ३१ जानेवारीला बाहेर.

हिंजवडी, आयटी
मी पन्नाशीत स्वतःहून सोडली. ९० दिवसांची नोटीस, मला लवकर सुटायचं होतं, त्यामुळे उरलेल्या दिवसांचे पैसे कापणार हे मान्यच होतं. पण त्यावर १८ टक्के जीएसटीही लावला! ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असं स्पष्ट केलंय. ते मेलला जोडून पाठवलं, रक्कम परत आली. ग्रॅच्युइटीतूनही वळती करू पाहत होते, ते मी होऊ दिलं नाही.

धागाकर्ता
छान माहिती मिळतेय. आमच्या पत्रात नुसतं 'तीन महिन्यांचा पगार' आहे. तुमच्याकडे मूळ वेतन धरलं की ग्रॉस?

चाकण
ग्रॉस. पण तोंडी नव्हे, मेलवर लिहून घ्या.