प्रश्न ढोलकीचा नाही, समजण्याचा आहे

इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की ढोलकी-झांजा लावून अंगणात बसून केलेली ख्रिस्ती उपासना बायबलला धरून नाही. हे मला पटत नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्र १५० मध्ये डफ, तंतुवाद्यं, झणझणणाऱ्या झांजा, सगळं आहे. नव्या करारात, म्हणजे येशूपासून पुढच्या भागात, उपासनेतल्या वाद्यांबद्दल आज्ञा नाही हे खरं, पण मग ती चर्चमधल्या ऑर्गनबद्दलही नाही! आणि जागेचं म्हणाल तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईला सांगतो, उपासना ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत. आत्म्याने व खरेपणाने.

भाषेचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४:१९) म्हणतो, मंडळीत न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा इतरांना शिकवणारे, समजणारे पाच शब्द बरे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडे घरात मावची ही आदिवासी बोली बोलतात, उपासना मात्र पुस्तकी मराठीत चालायची. माझी आजी वर्षानुवर्षं मान खाली घालून गप्प बसायची. मग एका रविवारी कुणीतरी मावचीत प्रार्थना केली, आणि आजी मोठ्याने ‘आमेन’ म्हणाली. तिचा तसा आवाज मी उपासनेत पहिल्यांदाच ऐकला. पौलाच्या त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात, सोळाव्या वचनात, तो हेच विचारतो: कळलंच नाही तर ऐकणारा ‘आमेन’ कसा म्हणेल?