लागलेलं वेड, घेतलेलं वेड आणि हॅम्लेटची माफी

पडद्यामागची:
शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधले काही प्रवेश आजच्या बोलीत बसवतोय. एका शब्दावर गाडी अडली आहे. पहिल्या अंकात बापाचं भूत भेटून गेल्यावर हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशियोला, बजावतो, यापुढे मी चमत्कारिक वागलो तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. तिथे 'वेडाचं सोंग' छान बसलं. तिसऱ्या अंकात आईला सांगतो, मी मुळात वेडा नाही, डाव म्हणून वेडा आहे. तिथेही 'सोंग' चाललं. पण पाचव्या अंकात, द्वंद्वाच्या आधी, ज्याच्या बापाला मारलं त्या लेअर्टीसची तो माफी मागतो: तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला, आणि ते वेड बिचाऱ्या हॅम्लेटचंही वैरी आहे. इथे 'सोंग' म्हटलं तर माफीची थट्टा होते. नुसतं 'वेड' म्हटलं तर आईपुढचं बोलणं खोटं पडतं. दोन्हीकडे चालेल असं काही आहे का? मी 'घेतलेलं वेड' सुचवलं, तर आमचे एक ज्येष्ठ नट म्हणाले, वेड लागतं, घेत नाहीत, हे मराठीच नव्हे. आमच्या घरी तर सर्रास म्हणतात.

पासोड्या:
नटवर्यांना सांगा, वेड घेतात, आणि पांघरतातही. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' कुठून आलं मग? मराठीत सगळी मेख क्रियापदात असते. लागलेलं वेड आपल्या हातात नसतं, पांघरलेलं हवं तेव्हा काढून ठेवता येतं. त्याच्या प्रेयसीला, ऑफीलियाला, वेड लागलं, हॅम्लेटने पांघरलं. आणि 'सोंग' पहिल्याच अंकातून काढा. सोंग म्हटलं की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो.

मनोवैद्य:
पांघरलेलं काढून ठेवता येतं हे इतकं सोपं नाही. हॅम्लेट समोर कोण आहे ते बघून बरळतो. ऑफीलियाच्या बापासमोर, पोलोनियससमोर, असंबद्ध, होरेशियोसमोर शहाणा. ढोंग करणारा आपला प्रेक्षक निवडतो. ऑफीलिया निवडत नाही, राजाराणीसमोरही तीच गाणी, तीच फुलं वाटणं. इथवर मान्य. पण आईच्या महालात त्याला भूत दिसतं आणि आईला दिसत नाही, तेव्हा तो कोणासाठी नाटक करतोय? बाकी, आजच्या बोलीत करताय तर 'वेडा' कशाला, 'मनोरुग्ण' म्हणा.

शनिवारातला:
अहो डॉक्टर, डेन्मार्कच्या राजपुत्राला मनोरुग्ण म्हणायचं तर त्याचा काका, राजा क्लॉडियस, त्याला इंग्लंडला कशाला धाडेल, येरवड्यालाच पाठवेल की! आपल्या गावात विक्षिप्तपणाला रोग धरत नाहीत, म्हणून 'विक्षिप्त' हा शब्द सुचवतो.
आगरकरांनी हॅम्लेटचं भाषांतर 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात केलं, 1883 ला 'विकारविलसित' म्हणून छापलं. त्या काळी मनोविकार म्हणजे राग, लोभ, प्रेम, सगळ्याच भावना. आता तेच नाव वाचलं की दवाखान्याची पाटी वाटते. शब्द असे नासवले कोणी? तुमच्याच धंद्याने.

मनोवैद्य:
शब्द नासत नाहीत, वापरणारे बदलतात. तुमची सोवळी मराठी तुमच्यापाशी ठेवा.

नागपूरकरीण:
आमच्याकडे सरळ 'पागल'. आणि ते पेडगाव वगैरे तुमचं पुणेरी. मुंबईची माणसं 'येडा बनके पेढा खाना' म्हणतात, मला वाटतं मूळ तेच असावं. पेढ्याचं पेडगाव झालं.

पासोड्या:
ताई, उलटं. पेडगाव खरं गाव आहे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथल्या बहादूरगडावर मोगलांची छावणी होती. मराठ्यांच्या एका तुकडीने फौजेला हुलकावणी देऊन लांब नेलं आणि दुसरीने मागे छावणी लुटली, अशी गोष्ट सांगतात. म्हण तिथून आली.

शनिवारातला:
गोष्ट नंतर चिकटवलेली दिसते. त्यात वेड कोणी पांघरलं? हुलकावणी म्हणजे वेड नव्हे. वेड-पेड यमक जुळलं, एवढंच.

भासप्रेमी:
तुम्ही सगळे इंग्लंडात आणि पेडगावात अडकलात. भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायणा'त मंत्री यौगंधरायण वेड्याचा वेश घेऊन उज्जयिनीत फिरतो, राजाला सोडवायला. निव्वळ डाव. आणि कालिदासाचा राजा पुरूरवा उर्वशी हरवल्यावर झाडांना, पक्ष्यांना विचारत सुटतो, तो खरा उन्माद. नाट्यशास्त्रकार भरताने उन्माद व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांत घातलाय. आपल्याकडे दोन्ही वेगळे आहेत, हॅम्लेटमध्ये मिसळलेत म्हणून तुमची अडचण. हॅम्लेट ज्यावरून घेतलं त्या जुन्या डॅनिश कथेत काकाने भावाला उघड मारलेलं असतं, म्हणून जीव वाचवायला पोरगा खुळा बनतो. शेक्सपिअरने खून गुपित ठेवला. मग वेड्यासारखं वागून हॅम्लेट काय साधतो? उलट राजाची नजर त्याच्यावर वळते. हे पांघरूण काही झाकतच नाही!

पडद्यामागची:
भासप्रेमी, हे तालमीत सांगते. पण लेअर्टीसपुढे काय म्हणू? 'चळ' करून पाहिलं. 'हॅम्लेटने नाही, त्याच्या चळाने केलं.' सोंग की आजार, दोन्ही उघड होत नाही. नट हसायला लागला, म्हणे आजी असंच ओरडायची, 'चळ भरलाय का तुला?'

मनोवैद्य:
हसला तर बरंच आहे. तसंच ठेवा.

शनिवारातला:
चळ अजिबात नको. राजपुत्राच्या तोंडी घरगुती शब्द शोभत नाही.

नागपूरकरीण:
राजपुत्राला आजी नसते का?

पासोड्या:
शनिवारातले काका, पेडगावला एकदा तरी गेला आहात का? लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघण्यासारखं आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी म्हणीचं विचारलं होतं, तो म्हणाला, 'इकडं येणारे सगळेच वेड पांघरून येत्यात.'

शनिवारातला:
हा पुरावा?

पासोड्या:
तुमच्या यमकापेक्षा बरा. दौंडहून पुढे रस्ता आहे, येताय का?