'तराजू'चं नाव तिन्हीकडे एकच ठेवायचं की जिथली तशी पद्धत?

रामबागकर: आमच्या इंदूरच्या ऑफिसात वजनकाट्याचं रीडिंग घेणारी सी लायब्ररी आहे, 'तराजू', म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो सी भाषेतला तयार कोड. लिनक्सवर 'लिबतराजू.एसओ', मॅकवर 'लिबतराजू.डायलिब', विंडोजवर मात्र नुसतीच 'तराजू.डीएलएल'. मी म्हणतो, तिन्हीकडे 'लिबतराजू' ठेवा, फक्त शेपूट बदला. बिल्ड स्क्रिप्टमधली, म्हणजे लायब्ररी तयार करणाऱ्या आज्ञांमधली, 'हे सिस्टम असेल तर असं, नाहीतर तसं' ही निम्मी इफ-एल्स जाईल.

सियागंजवाला: तुझी जाईल, निस्तरायचं आम्ही. जावात लायब्ररी उचलणाऱ्या लोडलायब्ररी या फंक्शनला 'तराजू' एवढंच द्यायचं असतं. लिनक्स-मॅकवर ते आपणहून 'लिब' लावतं, विंडोजवर लावत नाही. म्हणजे दुकानातल्या पीसीवर अनसॅटिस्फाइडलिंकएरर, 'लायब्ररी सापडली नाही', आणि फोन मला!

रामबागकर: मिनजीडब्ल्यू या कंपायलरने विंडोजसाठी बिल्ड करणारे विंडोजवरही 'लिब' लावतातच की.

तुकोगंजचे काका: लावतात, आणि बऱ्याचदा आकडाही घालतात: 'लिबतराजू-१.डीएलएल'. तुम्ही दोघं 'लिब'वरच भांडताय, खरी गोम त्या आकड्यात आहे. लिनक्सवर खरी फाइल 'लिबतराजू.एसओ.१.४.२'. तिच्या पोटात सोनेम, म्हणजे लायब्ररीचं आतलं नाव, लिहिलेलं असतं, 'लिबतराजू.एसओ.१', आणि लिंक करताना, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीला जोडताना, प्रोग्राममध्ये तेवढंच उतरतं. उद्या १.५ टाकली तरी प्रोग्राम चालतो. फंक्शनं मोडलीत तर २ करायचं. जुनी-नवी शेजारी-शेजारी नांदतात. मॅकवर आकडा मधे येतो, 'लिबतराजू.१.डायलिब'. विंडोजवर ही सोय आपोआप नाही, नावातच घालावी लागते. झेडलिब या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीची डीएलएल 'झेडलिब१' का आहे, बघा जरा.

रामबागकर: काका, विंडोजवर ज्याची डीएलएल त्याच्या फोल्डरात. प्रोग्राम आधी तिथेच शोधतो. आकडा कशाला?

तुकोगंजचे काका: बिलिंगच्या प्रोग्रामने आपली जुनी 'तराजू.डीएलएल' आधीच उचलली, आणि मग त्यातच कुणाचा प्लगइन नवी मागायला आला, तर? त्याच नावाची डीएलएल त्या चालू प्रोग्राममध्ये आधीच असेल तर विंडोज तेच हातात ठेवतं. फोल्डर वेगळा असून उपयोग काय?

सियागंजवाला: पण 'तराजू-१' केलीत की माझी जावाची ओळ पुन्हा अडली!

तुकोगंजचे काका: जावासाठी छोटी जेएनआय लायब्ररी, म्हणजे जावा आणि सी यांना जोडणारा दुवा, वेगळी काढ. ती नावानेच उचलली जाते, तिला आकडा नको. ती ज्या 'तराजू'ला लिंक होते, तिला हवा.

रामबागकर: आकडा घालू, हरकत नाही. पण जावाची फाइल वेगळी झाल्यावर मुख्य लायब्ररीला विंडोजवर 'लिब' राहिलं, तर कुणाचं काय अडतं? तेवढं सांगा.